कोरी गोळी कशासाठी?

गेल्या पावसाळ्यात माझा एक जुना विद्यार्थी घरी आला. बी. एस्सी. होऊन तो आता नोकरी करतो. अंगाने निम्मा झालेला दिसला. चहा नको म्हणाला, दूध तर नकोच. मग पिशवीतून दहा-बारा छापील पाने काढून त्याने माझ्यापुढे ठेवली. "सर, हे जरा वाचून सांगा. यावर सही करायची आहे."

ते एका औषधाच्या चाचणीचे संमतिपत्र होते. या मुलाला गेली तीन वर्षे आतड्यांचा क्रोनचा रोग आहे. पत्रातील एका वाक्याखाली त्याने पेन्सिलीने रेघ मारली होती. चाचणीत येणाऱ्या काही रुग्णांना औषध मिळेल व काहींना औषध नसलेली, पण हुबेहूब तशीच दिसणारी गोळी मिळेल. कोणाला कोणती मिळाली हे रुग्णालाही कळणार नाही आणि तपासणाऱ्या डॉक्टरांनाही नाही, असे ते वाक्य होते.

"आजारी माणसाला जाणूनबुजून खोटी गोळी द्यायची, हे कसले शास्त्र, सर?" त्याच्या आवाजात राग होता, आणि तो मला गैर वाटला नाही.

मी पदार्थविज्ञान शिकवतो, वैद्यक नव्हे. कोणते औषध घ्यावे हे सांगण्याचा मला अधिकार नाही. पण त्याचा प्रश्न मुळात मोजमापाचा होता, आणि मोजमाप हा आमचा रोजचा धंदा आहे. त्या दिवशी त्याला जे सांगितले आणि नंतर वाचून जे कळले, ते येथे तुमच्यापुढे ठेवतो.

आधी रोगाविषयी थोडेसे. १९३२ साली न्यूयॉर्कच्या माउंट सिनाय रुग्णालयातील बरिल क्रोन, लिऑन गिन्झबर्ग व गॉर्डन ओपनहायमर या तिघांनी चौदा रुग्णांची हकीकत प्रसिद्ध केली. लेखकांची नावे इंग्रजी वर्णमालेच्या क्रमाने छापली होती, त्यामुळे क्रोन पहिले आले आणि रोगाला त्यांचेच नाव चिकटले. खरे तर स्कॉटलंडमधील डॅल्झील नावाच्या शल्यचिकित्सकाने असेच रुग्ण १९१३ सालीच वर्णिले होते. पण नावे पडण्याच्या कामात न्याय असतोच असे नाही.

या रोगात आतड्याच्या भिंतीला दाह होतो, म्हणजे ती सुजते, लाल होते, तिला व्रण पडतात. तोंडापासून गुदद्वारापर्यंत अन्नमार्गात कोठेही हे होऊ शकते, परंतु लहान आतड्याचा शेवटचा भाग ही त्याची आवडती जागा. दाह भिंतीच्या पूर्ण जाडीत उतरतो. मग आतडे अरुंद होते, कधी भिंतीला आरपार भोक पडते. पोटात कळा, जुलाब, ताप, वजन घटणे ही लक्षणे. ऐन तारुण्यात, पंधरा ते पस्तीस या वयात, रोग पुष्कळदा सुरू होतो. आनुवंशिकता, आतड्यातील जंतू आणि शरीराची प्रतिकार यंत्रणा या तिघांचा यात हात आहे. आपलीच प्रतिकार यंत्रणा आपल्याच आतड्यावर हत्यार उपसते, असे म्हटले तरी चालेल. आपल्या देशात आणखी एक अडचण आहे. आतड्याचा क्षय आणि क्रोनचा रोग हे दुर्बिणीतून पाहिले तरी इतके सारखे दिसतात की, येथील पुष्कळ रुग्णांना आधी क्षयाची औषधे द्यावी लागतात. माझ्या विद्यार्थ्यानेही ती काही महिने घेतली होती.

आपल्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट ही की, हा रोग एकसारखा चालत नाही. तो उसळतो आणि ओसरतो. काही आठवडे माणूस अंथरुणाला खिळतो, मग काही न करताही महिना-दोन महिने बरे जातात. म्हणजे आपण ज्याचे माप घेणार ती वस्तूच हलती आहे!

आता तिचे माप घ्यायचे कसे? शरीराचा ताप थर्मामीटरने मोजता येतो. 'क्रोनमापी' असे यंत्र नाही. १९७६ साली अमेरिकेत विल्यम बेस्ट व त्यांचे सहकारी यांनी एक गुणांक तयार केला, आणि पुढे कित्येक वर्षे बहुतेक चाचण्या त्यावरच चालल्या. त्यात आठ बाबी आहेत. पैकी तीन बाबी रुग्णाने सात दिवस स्वतः वहीत लिहायच्या: रोज किती वेळा पातळ शौचाला झाले, पोट किती दुखले (० ते ३), आणि एकंदर कसे वाटले (० म्हणजे ठीक, ४ म्हणजे असह्य). सात दिवसांची बेरीज करून शौचाच्या आकड्याला २ ने, दुखण्याच्या आकड्याला ५ ने आणि 'कसे वाटले' याला ७ ने गुणायचे. मग वजन, रक्त, पोटाला हाताला लागणारी गाठ इत्यादींचे गुण त्यात मिळवायचे. बेरीज १५० च्या खाली आली तर रोग शमला असे धरायचे. ४५० च्या वर गेली तर फार गंभीर.

आता तुम्हीच गणित करा. एका रुग्णाचा गुणांक २३० आहे. पुढच्या आठवड्यात त्याच्या आतड्यात काडीचाही फरक पडलेला नाही. पण नवे औषध सुरू झाले, मोठे डॉक्टर आपुलकीने बोलले, म्हणून त्याला जरा हुरूप आला. रोज 'कसे वाटले' यात त्याने एक अंक कमी लिहिला आणि दुखण्यातही एक अंक कमी लिहिला. पहिल्याचे ७ × ७ = ४९, दुसऱ्याचे ७ × ५ = ३५. एकूण ८४ गुण उतरले. २३० वजा ८४ म्हणजे १४६. रोग शमला! रुग्ण खोटे बोलला असे समजू नका. त्याला खरोखरच तसे वाटले होते.

याहून गमतीची गोष्ट अशी की, हुरूपाचीही गरज नसते. वर्गात करून पाहता येईल असा एक प्रयोग सांगतो. शिक्षकांनी तो जरूर करावा. चोपन्न मुलांचा वर्ग आहे असे समजू. प्रत्येकाने दोन फासे टाकावेत. ज्याची बेरीज ९ किंवा अधिक येईल तो 'आजारी'. दोन फाशांच्या ३६ शक्यतांपैकी १० शक्यतांत असे घडते, म्हणून साधारण पंधरा मुले आजारी निघतील. त्यांना पुढे बोलवा, प्रत्येकाला एक लिमलेटची गोळी द्या आणि फासे पुन्हा टाकायला सांगा. पंधरांपैकी सुमारे अकराजण 'बरे' झालेले आढळतील! लिमलेटच्या गोळीचा गुण सत्तर टक्क्यांवर! आपण केले काय, तर माणसे नेमकी त्यांच्या वाईट क्षणी निवडली. वाईट क्षणानंतर येणारा क्षण बहुधा कमी वाईट असतो. उसळणाऱ्या-ओसरणाऱ्या रोगाचा रुग्ण डॉक्टरकडे केव्हा जातो? रोग उसळलेला असताना.

दहावीच्या मुलांनी व्हर्निअर कॅलिपर हाताळले असेल. गोळ्याचा व्यास मोजण्यापूर्वी आपण काय करतो? जबडे मिटवतो आणि मधे काहीही नसताना मापनी काय दाखवते ते पाहतो. तेथे शून्य न दिसता समजा ०.०३ सेंटिमीटर दिसले, तर ती शून्य त्रुटी. ती प्रत्येक वाचनातून वजा करायची. हे न करणाऱ्या मुलाला मी कितीही सुबक जर्नल असले तरी गुण देत नाही. चाचणीतील कोरी गोळी (इंग्रजीत तिला 'प्लासिबो' म्हणतात) म्हणजे हे मिटलेले जबडे होत. औषध शून्य असताना आपले 'यंत्र' काय दाखवते? हुरूप, ओसरणारा रोग, वहीतील अंदाज, सर्व काही त्या वाचनात आपोआप येते.

पण व्हर्निअरची शून्य त्रुटी आज पाहिली तर उद्याही तीच राहते. या रोगात तसे नाही. २००४ साली क्रोनच्या रोगावरील अनेक चाचण्यांतील कोऱ्या गोळीचे निकाल एकत्र करून पाहिले गेले. सरासरी १८ टक्के रुग्णांचा रोग नुसत्या कोऱ्या गोळीवर शमला होता. आणि निरनिराळ्या चाचण्यांत हा आकडा शून्यापासून ५० टक्क्यांपर्यंत पसरला होता! रुग्ण कसे निवडले, किती आठवडे पाहिले, कितीदा तपासायला बोलावले, यावर तो बदलतो. म्हणून मागच्या चाचणीचे शून्य उसने घेऊन चालत नाही. प्रत्येक वेळी, त्याच काळात, त्याच प्रकारच्या रुग्णांवर ते नव्याने मोजावे लागते. कोणी कोणत्या गटात जायचे हे नाणेफेकीसारख्या यदृच्छेने ठरवावे लागते, नाहीतर डॉक्टर नकळत धडधाकट रुग्ण औषधाच्या बाजूला टाकतील.

हे सगळे करून औषध खरे ठरते तेव्हा काय दिसते? १९९३ साली अ‍ॅम्स्टरडॅममध्ये शाळकरी वयाच्या एका मुलीला एक नवे प्रतिपिंड शिरेतून दिले गेले. दाह पेटवणाऱ्या 'टीएनएफ' नावाच्या प्रथिनाला ते निकामी करते. तिला उतार पडला. १९९५ साली दहा रुग्णांना तेच देऊन पाहिले. आठांचा रोग चार आठवड्यांत शमला. येथवर कोऱ्या औषधाचा गट नव्हता. फाशांचा प्रयोग आठवा, दहापैकी आठ! मग १९९७ साली शंभरावर रुग्णांची दुहेरी आंधळी चाचणी प्रसिद्ध झाली. निकष होता गुणांक ७० ने उतरण्याचा. चार आठवड्यांनी कोऱ्या सलाइनच्या गटात २४ पैकी ४ जण सुधारले, म्हणजे १७ टक्के; औषधाच्या गटात ८३ पैकी ५४, म्हणजे ६५ टक्के. शून्य वजा करूनही भरपूर उरले. हे औषध इन्फ्लिक्सिमॅब. १९९८ साली अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली आणि आज ते आपल्याकडेही वापरतात. मात्र त्याने शरीरात दबून बसलेला क्षय उसळू शकतो, हे २००१ साली उघड झाले. म्हणून ते देण्यापूर्वी क्षयाची तपासणी करतात. आपल्या देशात ही खबरदारी किती मोलाची, ते सांगायला नको.

उलट बाजूचेही एक उदाहरण आहे. सेक्युकिनुमॅब हे प्रतिपिंड सोरायसिस या त्वचारोगावर उत्तम चालते. तेही दाहाच्याच एका प्रथिनाला अडवते. तर्काने पाहता ते आतड्यावरही चालायला हवे होते. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या ५९ रुग्णांच्या चाचणीत औषधाचा गट कोऱ्या गटापेक्षा वाईट निघाला! ते प्रथिन आतड्याच्या अस्तराचे रक्षणही करते, हे मग ध्यानात आले. कोरा गट नसता तर 'रोगच बळावला असेल' म्हणून डॉक्टरांनी कदाचित मात्रा वाढवली असती.

परंतु माझ्या विद्यार्थ्याला मी जी हकीकत सविस्तर सांगितली ती माँगर्सेन या औषधाची.

त्यामागची कल्पना फार सुंदर होती. आतड्यात दाह आवरणारा एक नैसर्गिक ब्रेक असतो, टीजीएफ-बीटा नावाचे प्रथिन. रोमच्या तोर व्हेर्गाता विद्यापीठातील जोव्हान्नी मोंतेलेओने व त्यांच्या सहकाऱ्यांना २००१ च्या सुमारास असे आढळले की, क्रोनच्या रुग्णांच्या आतड्यात ब्रेक आहे, पण तो लागत नाही. कारण स्मॅड-७ नावाचे दुसरे प्रथिन तेथे फार साठते. सायकलच्या ब्रेकमध्ये खडा अडकावा तसे. मग खडा काढायचा. पेशी कोणतेही प्रथिन बनवते ते संदेशवाहक आरएनएवरील मजकूर वाचून. त्या मजकुराला नेमकी जुळणारी उलट अक्षरांची छोटी साखळी प्रयोगशाळेत बनवली, तर ती संदेशाला जाऊन चिकटते, संदेश नष्ट होतो आणि स्मॅड-७ बनणे थांबते. माँगर्सेन म्हणजे ही साखळी. लहान आतड्याच्या शेवटी जाऊनच विरघळेल असे वेष्टन देऊन तिची गोळी केली होती.

मार्च २०१५ मध्ये इटली व जर्मनीतील १६६ रुग्णांवरच्या चाचणीचा निकाल आला. दोन आठवडे गोळ्या दिल्या होत्या. चाचणी दुहेरी आंधळी होती, कोरा गट होता, सर्व काही शिस्तीत. रोग शमलेले रुग्ण असे: कोऱ्या गोळीवर ४२ पैकी ४, रोज १० मिलिग्रॅमवर ४१ पैकी ५, ४० मिलिग्रॅमवर ४० पैकी २२, १६० मिलिग्रॅमवर ४३ पैकी २८. टक्क्यांत ९.५, १२.२, ५५ आणि ६५.१. मात्रा वाढवावी तसा गुण वाढतो आहे! असा आलेख विद्यार्थ्याने काढून आणला तर मी लगेच सही करीन. सेल्जीन या अमेरिकन कंपनीने तर निकाल छापून येण्यापूर्वीच, २०१४ साली, या औषधाच्या हक्कांसाठी ७१ कोटी डॉलर मोजले होते.

शंका काढणारे तेव्हाही होते. त्यांचे म्हणणे असे की, या चाचणीत रुग्ण निवडले ते गुणांकावर, २२० ते ४०० या पट्ट्यातले; आणि निकाल लावला तोही गुणांकावर. आतड्यात दुर्बीण घालून व्रण आहेत की नाहीत व ते भरले की नाहीत, हे पाहणे सक्तीचे नव्हते. आपण वर केलेले २३० चे गणित आठवा. पुढे ६३ रुग्णांची एक छोटी चाचणी झाली. तीत दुर्बिणीने पाहिले, आणि सुमारे ३७ टक्क्यांच्या व्रणांत थोडी सुधारणा दिसली. पण या वेळी कोरा गटच ठेवलेला नव्हता. एकीकडे शून्य मोजले तेव्हा आतडे पाहिले नाही, दुसरीकडे आतडे पाहिले तेव्हा शून्य मोजले नाही!

मग मोठी चाचणी सुरू झाली. ७०१ रुग्ण, बारा आठवडे, आत येतानाच दुर्बिणीने दाह सिद्ध केलेला, आणि अर्थातच कोरा गट. अशा चाचणीवर एक स्वतंत्र समिती नेमलेली असते. गटांचे आकडे मधूनमधून उघडून पाहण्याचा अधिकार फक्त तिला असतो. रुग्ण, डॉक्टर, कंपनी, सर्व अंधारात. ऑक्टोबर २०१७ मध्ये या समितीने आकडे पाहिले आणि सांगितले, थांबवा. औषधाने घात केला होता म्हणून नव्हे, तर पुढे जाण्यात अर्थ उरला नव्हता म्हणून. २०२० साली सविस्तर आकडे प्रसिद्ध झाले. बारा आठवड्यांनी रोग शमलेले रुग्ण औषधावर २२.८ टक्के, कोऱ्या गोळीवर २५ टक्के.

हे दोन आकडे पुन्हा वाचा. कोरा गट नसता, तर बातमी काय आली असती? 'नव्या औषधाने दर शंभर रुग्णांत तेवीस बरे!' आणि ते तेवीस जण शपथेवर सांगते की, आम्हाला या गोळीनेच गुण आला. ते खोटे बोलत नसते. पण ते गोळी न घेताही बरे झाले असते, हे त्यांना स्वतःला कळायला काहीच मार्ग नव्हता.

मग २०१५ चे ६५ टक्के कोठून आले? नुसत्या योगायोगाने एवढा फरक पडणे कठीण आहे. ४३ पैकी २८ हा आकडा नाणेफेकीत सहजी येत नाही. रुग्णांची निवड, दोनच आठवड्यांचा काळ, केवळ लक्षणांवर भिस्त, अशी कारणे सांगितली गेली. मूळ इटालियन गटाचे म्हणणे निराळे आहे. औषधाच्या सर्व घाण्या सारख्या नव्हत्या, काहींत ती साखळी स्मॅड-७ ला नीट अडवत नव्हती, असे त्यांनी दाखवले. आणि चांगल्या घाणीतील औषध थोड्या रुग्णांना देऊन २०२१ साली उत्साहवर्धक निकालही प्रसिद्ध केला. त्यांचे खरेही असेल. पण त्या प्रयोगात कोरा गट नव्हता, त्यामुळे त्या निकालातून काय वजा करायचे ते ठरत नाही. माझे मत विचाराल तर कल्पना अजून मेलेली नाही, फक्त तिचा पुरावा नाही.

माझ्या विद्यार्थ्याने हे सगळे ऐकून घेतले आणि मग रास्त प्रश्न केला. "ठीक आहे, सर. शास्त्राला शून्य मिळाले. ज्यांच्या वाट्याला कोरी गोळी आली त्यांचे काय?"

आम्ही दोघांनी पत्र पुन्हा पहिल्यापासून वाचले. कोरा गट म्हणजे उपचाराविना सोडलेला गट नव्हे, असे त्यात स्पष्ट होते. चालू असलेली ठरावीक औषधे चालूच राहणार, आणि प्रकृती बिघडली तर चाचणीतून काढून लगेच नेहमीचे उपचार देणार. कोणत्याही दिवशी, कारण न सांगता, बाहेर पडण्याची मुभा होती. रुग्णालयाच्या नीतिविषयक समितीची मंजुरी होती. आपल्या देशात २००९ पासून प्रत्येक चाचणीची सरकारी नोंदवहीत आधी नोंद करावी लागते. तो क्रमांकही होता. पत्र मराठीत होते, आणि न समजलेले विचारायला डॉक्टरांचा दूरध्वनी क्रमांक दिलेला होता. मी त्याला एवढेच म्हटले की, माँगर्सेनच्या मोठ्या चाचणीत औषध मिळालेले रुग्ण कोऱ्या गोळीवाल्यांपेक्षा नशीबवान नव्हते, आणि सेक्युकिनुमॅबच्या चाचणीत तर कोरी गोळी मिळालेलेच सुखी होते. कोणता गट भाग्याचा हे आधी ठाऊक असते, तर चाचणीची गरजच पडली नसती. सही करायची की नाही हे मी सांगितले नाही. आठवड्याने त्याने ती केली, आईशी बोलून.

मध्यंतरी तो पुन्हा आला. हातात वही होती. रोज रात्री त्यात शौचाचा आकडा, दुखणे ० ते ३ आणि तारीख. "सर, एक सांगू? तिथल्या डॉक्टरबाई फार चांगल्या आहेत. दुखले असले तरी कधीकधी वाटते, शून्य लिहावे. त्यांना बरे वाटेल."

प्रयोगशाळेत पुस्तकातले उत्तर आधी पाहून मग वाचने 'जमवणारी' मुले मी वीस वर्षे पकडत आलो आहे. हाही त्यांतला एक होता, हे आम्हा दोघांना आठवले आणि आम्ही हसलो. मी म्हटले, "तुझी वही सातशे वह्यांतली एक असेल. पण प्रत्येकाने एकेक शून्य दयेपोटी लिहिले, तर पुढे ही गोळी कोणाला तरी उगाच देतील, किंवा उगाच नाकारतील. काल रात्री दुखले होते?"

"हो. बऱ्यापैकी."

काल रात्रीचा रकाना कोराच होता. त्याने खिशातून पेन काढून तेथे २ लिहिले.